उन्हावरचा सूर

पेटीवाल्यांनी कानस पितळेच्या पातीला टेकवली, श्वास रोखला, आणि नेमका त्याच क्षणी सूर्यावर ढग आला.

ढग त्यांना दिसला नाही. दिसण्याची सोयच नव्हती. खोलीच्या एकुलत्या एका खिडकीत कूलर बसला होता. ढग त्यांना ऐकू आला. कूलरचा पंखा ज्या सुरात घोंगावत होता तो सूर हलकेच घसरला, एक पायरी उतरला, तेथे जरासा घुटमळला, आणि मग जिन्यावर पाय निसटलेल्या माणसासारखा थेट तळाशी गेला.

“गेला,” ते म्हणाले.

समोर पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसलेल्या काकूंनी, त्यांच्या पत्नीने, वर पाहिले. “कोण गेलं?”

“सूर. दुसरं कोण जाणार? आपण दोघं तर इथेच बसलोय.”

काकूंनी भाता सोडला आणि रुमालाने मान टिपली. “येईल परत. लहानसा ढग असेल.”

“लहानसा ढग असेल,” पेटीवाले म्हणाले. “म्हणजे यापुढे आभाळाला विचारून कानस चालवायची. उत्तम.”

जुन्या हार्मोनियम उघडायच्या, भात्यांची गळती बुजवायची आणि आतल्या पितळी पात्या घासून सुरात आणायच्या, हा त्यांचा धंदा. आणि तो ते राहत्या घराच्या मागच्या खोलीत करीत. एका पट्टीखाली दोन पात्या एकदम बोलतात. त्या एकमेकींपासून किंचित जरी फटकून असल्या तरी आवाजात एक लहर उठते, साचलेल्या पाण्यावरून वारा जावा तशी. पाती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासता घासता लहर मंदावते, लांबते, आणि एका क्षणी विरून जाते. ती विरली की काम झाले. हेच काम करून देणारे यंत्र बाजारात मिळते हे पेटीवाल्यांना ठाऊक होते. “यंत्राला लहर दिसते, मला ती ऐकू येते,” असे ते म्हणत, आणि यावर कोणी पुढे वाद घालायला थांबलाच, तर त्याला उरलेली दुपार मोकळी ठेवावी लागे.

या कामाला शांतता लागते. सकाळभर खालच्या मजल्यावर सुताराची करवत चाले. दुपारी मात्र वीज जाई, करवत थांबे, शेजाऱ्यांचे रेडिओ बंद पडत, आणि साऱ्या गल्लीने कपाळाला हात लावला की पेटीवाले समाधानाने कामाला बसत. काकू भाता मारीत, ते कानस चालवीत. कित्येक उन्हाळे असेच गेले. मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पेटीची हवा कमी पडू लागली. पेटीवाल्यांनी मान वर न करताच म्हटले, “जरा जोरात.” हवा आणखी कमी झाली तेव्हा त्यांनी वर पाहिले. काकू भात्यावर डोके टेकून निपचित पडल्या होत्या.

त्या दुपारविषयी घरात पुन्हा कोणी बोलले नाही. पण “जरा जोरात” हे शब्दही त्या खोलीत पुन्हा उच्चारले गेले नाहीत. पेटीवाले आता एक पाती झाली की वर पाहत, दुसरी झाली की वर पाहत. आणि उन्हाळा तोंडावर येताच मुलीने आपल्या नवऱ्याला सासरवाडीला धाडले.

जावई एका कारखान्यात विजेची देखभाल करी. त्याने गच्चीवर सोलर पॅनेल बसवले, खिडकीत कूलर चढवला, आणि पॅनेलची तार सरळ कूलरला जोडून टाकली. ऊन पडले की टाकीतला पंप गवताच्या ताट्या भिजवू लागे, पंखा फिरू लागे, आणि खोलीत ओल्या गवताचा वास घेऊन गार वारा येई.

“जितकं ऊन तितका वारा,” तो म्हणाला होता. “ज्या वेळी उकडतं त्याच वेळी ऊन असतं, बाबा. याहून सरळ हिशेब सापडायचा नाही.”

हिशेब खरोखरच सरळ होता, आणि पेटीवाल्यांना त्याचाच राग होता. नाही म्हणायला दमट हवेने पेटीच्या पट्ट्या फुगतात आणि जड चालतात, असा एक आक्षेप त्यांनी घेऊन पाहिला. जावयाने दार किलकिले ठेवायला सांगितले: आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोली घामेजते. दार किलकिले ठेवले, पट्ट्या सुटल्या, आक्षेप बुडाला. उरला तो फक्त सूर. ऊन चढे तसा पंखा चढे, ऊन उतरे तसा उतरे, आणि पेटीवाल्यांच्या दोन पात्यांच्या भांडणात हा तिसरा दिवसभर आपले म्हणणे बदलत राही.

त्यांनी दात आवळून काम रेटले. गायनशाळेच्या पेट्या होत्या. त्या शाळेचे काम धंद्याच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होते. त्यांतली पहिली पेटी पुरी करून त्यांनी पाठवली, आणि आठवडा उलटायच्या आत शाळेच्या बाई ती परत घेऊन स्वतः दारात उभ्या राहिल्या.

“खालचं अगदी सुरेख लागलंय,” बाई म्हणाल्या. “फक्त वरच्या सप्तकात जरा... मुली म्हणतात, कणसूर वाटतं. माझाही भास असेल.”

पेटीवाल्यांना मुलींचा राग आला नाही, कणसूर या शब्दाचाही आला नाही. भास या शब्दाचा आला. तो शब्द बाईंनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून निवडला होता.

“भास नाही, बाई. कूलर आहे.”

बाईंनी कूलरकडे पाहिले. “शाळा उघडायच्या आत सगळ्या व्हायला हव्यात हो. मी आपल्याशिवाय कोणाचं नाव काढत नाही, पण संस्थेत नवे लोक आलेत. ते म्हणतात, शहरात यंत्रावर लावून देणारे आहेत.”

“देणारच. यंत्राला उकडत नाही,” पेटीवाले म्हणाले, आणि पेटी आत घेतली.

मग जावयाला बोलावणे गेले. तो सुटीच्या दिवशी एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर घेऊन आला, आणि दोन्ही एका पत्र्याच्या पेटाऱ्यात बसवून तो पेटारा त्याने खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. घरात त्याचे नाव खोका पडले.

“ऊन आधी बॅटरीत जाईल, तिथून कूलरला,” जावई म्हणाला. “ढग आला काय नि गेला काय, पंख्याला कळणारसुद्धा नाही.”

“म्हणजे पंख्याला फसवायचं.”

“हो, बाबा. तुमच्या सुखासाठी मी पंख्याला फसवतोय.”

काकू तोंडाला रुमाल लावून हसल्या. पंखा एका सुरात लागला आणि एका सुरातच राहिला. पेटीवाल्यांनी बराच वेळ मान कलती करून ऐकले, आणि कानस उचलली. जावयाने ती पावती समजून चहा घेतला व तो गेला.

समाधान फार टिकले नाही. एका दुपारी, पंखा नुकताच हळू केला असताना, पेटीवाल्यांनी हात थांबवला.

“ही शिट्टी कसली?”

“कुठली शिट्टी?” काकूंनी विचारले.

“बारीक. सुईच्या नेढ्यातून ओढल्यासारखी. खोक्यातून येतेय.”

काकूंनी कान देऊन ऐकले. त्यांना पंख्याची घरघर ऐकू आली, टाकीत ठिबकणारे पाणी ऐकू आले, लांब कोठेतरी कोणी बादली आपटली ती ऐकू आली. “मला नाही येत,” त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे म्हणाल्या, “पण असेल. तुम्हाला येतं ते आम्हाला कधी आलंय?”

हे त्या उपहासाने म्हणत नव्हत्या. या घरात ती वहिवाटच होती. भिंतीच्या आत गळणाऱ्या नळाचा आवाज पेटीवाल्यांनी ओल दिसायच्या कितीतरी आधी ऐकला होता, आणि गवंड्याने त्यांना वेड्यात काढून भिंत फोडली तेव्हा तो नेमका तेथेच सापडला होता. मुलगी लहानपणी शाळेतून आली की जिन्यावरच्या पावलांवरून ते तिचे गुण ओळखत. बाकीच्यांना ऐकू येत नाही, हा या घरात आवाज नसल्याचा पुरावा कधीच नव्हता; झालाच तर तो पेटीवाल्यांच्या कानाचा पुरावा होता.

त्यामुळे जावई पुन्हा आला. त्याने खोक्याला कान लावला.

“बाबा, हा तर गप्प आहे.”

“तुम्हाला नाही ऐकू येणार, जावईबापू. तुम्ही दिवसभर कारखान्यात असता. तुमचे कान गंजलेत.”

“बरं. गंजलेत,” जावई म्हणाला, आणि त्याने खोक्याखाली रबराची जाड चकती घातली.

शिट्टी राहिली. त्याने कूलरमधला पंप बदलला. शिट्टी राहिली. त्याने खोकाच उचलून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात नेऊन ठेवला, तारा लांबवल्या, मधले दार लावून घेतले, आणि घामाने निथळत खाली येऊन विचारले, “आता?”

पेटीवाले डोळे मिटून बसले होते. “आहे.”

“जिन्यातून?”

“आता जिन्यातून.”

जावई जमिनीवर बसला. त्याच्या शर्टाला जळमटे लागली होती. “बाबा, माझं एक ऐका. शिट्टी नेमकी कुठे आहे, तिथे बोट ठेवून दाखवा. तुम्ही बोट ठेवाल तो भाग मी काढून फेकतो. कूलर म्हणालात तर कूलर फेकतो.”

मागणी रास्त होती. पेटीत एखादा खिळा सैल असला तर तो कोठे आहे हे पेटीवाले पेटी न उघडता सांगत. ते उठले. कूलरपाशी गेले, कोपऱ्यात गेले, दारापाशी गेले, आणि परत खोलीच्या मध्यभागी येऊन उभे राहिले. बोट हवेतच राहिले.

“ती खोलीभर आहे,” ते म्हणाले.

“खोलीभर.”

“आणि एक सांगतो, तुमच्या उपयोगाचं आहे. पंखा जोरात असला की ती बुडते. पंखा हळू झाला की वर येते. याचा अर्थ काय? काम कमी पडलं की तुमचा खोका शिट्ट्या मारत बसतो. हे तर्काने सिद्ध आहे.”

जावयाने सासूकडे पाहिले. काकू टाकीत पाणी ओतत होत्या. त्यांनी वळून पाहिले नाही.

“तर्काने सिद्ध आहे,” जावई उठत म्हणाला. “मग मी काय बोलणार?”

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले. पेटीवाल्यांनी परत आलेली पेटी पुन्हा उघडली होती, पुन्हा लावली होती, आणि लावलेली पुन्हा उसवली होती. खालचे सप्तक हाताखालच्या लोण्यासारखे लागे. मधले लागे. वरच्या सप्तकात आले की लहर कोठे विरते आणि शिट्टी कोठे सुरू होते याचा पत्ता लागत नसे. काही पात्या घासून घासून कागदासारख्या झाल्या होत्या. ते कानस टाकून देत, खोक्याला शिव्या घालत, आणि पुन्हा उचलत. जेवताना त्यांना शिट्टी ऐकू येई, अंघोळीला गेले तरी येई. भिंती आवाज वाहून नेतात, हे तर त्या नळानेच सिद्ध केले होते.

पेटी नेण्यासाठी बाई संध्याकाळी येणार, त्या दिवशी पेटीवाल्यांनी जेवण उरकताच जाहीर केले, “आज कूलर नको. आभाळ आलंय, फारसं उकडत नाही. मला फक्त ही दुपार हवी.”

“बरं,” काकू म्हणाल्या.

पेटीवाल्यांनी स्वतः टॉवेल ओला करून, पिळून काकूंच्या मानेवर ठेवला. पाण्याचा तांब्या हाताशी आणून दिला. दार सताड उघडले. मग ते पेटीमागे बसले. खालची करवत थांबलेली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हते. खिडकीत कूलरच्या पंख्याची पाती स्थिर होती, आणि त्यांच्यामागून पांढुरका उजेड झिरपत होता. पेटीवाल्यांना या खोलीचे जुने दिवस आठवले असावेत, कारण त्यांनी कानस उचलण्याआधी ती पुसली.

“हं.”

काकूंनी भाता ओढला. वरच्या सप्तकातली पाती बोलली. पेटीवाल्यांनी मान कलती केली, कानस टेकवली, आणि तशीच काढून घेतली.

“आजसुद्धा,” ते म्हणाले. “आजसुद्धा मेला गप्प बसत नाही. अगं, नुसता कूलर बंद करून भागणार नाही. वर जिन्यात जा नि खोक्याचं बटण दाबून ये. किंवा थांब, मीच जातो.”

काकूंचा हात भात्यावर थांबला.

“खोका नाहीये वर.”

“नाहीये म्हणजे?”

“काल तुम्ही भात्याचं चामडं आणायला गेला होतात, तेव्हा जावई आले होते. काढून घेऊन गेले. दुकानात तपासून आणतो म्हणाले, आणि तोवर कूलर पहिल्यासारखा थेट जोडून गेले.” त्यांनी मानेवरचा टॉवेल सारखा केला. “तुम्हाला सांगू नका म्हणाले. सांगितलं तर पुन्हा वाद होईल म्हणून.”

पेटीवाल्यांनी कानस खाली ठेवली. सकाळी चहाच्या वेळी त्यांनीच म्हटले होते, की पहाटेपासून ती शिट्टी चालू आहे, जिन्यातून येते आहे, आपल्याला दिशासुद्धा कळते आहे.  काकू तेव्हा कप घेऊन मोरीकडे गेल्या होत्या आणि दोन कप धुवायला त्यांना फार वेळ लागला होता.

ते उठले आणि जिन्याकडे गेले. मधले दार उघडून चार पायऱ्या चढले. जिन्यात धूळ होती, आणि धुळीत, खोका होता तेथे, एक स्वच्छ चौकोन होता. त्याच्या कडेला तारांची टोके चिकटपट्टी गुंडाळून नीट बांधून ठेवलेली होती. जावयाचे काम नेहमीच नीटनेटके असे. पेटीवाल्यांनी वाकून त्या चौकोनावर तळहात टेकवला. फरशी गार होती. शिट्टी तेथे होती. खोलीत होती तेवढीच, कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. त्यांनी दोन्ही हात कानांवर गच्च दाबले. शिट्टी तशीच राहिली.

मग हात खाली घेतले, आणि थोडा वेळ पायरीवर बसून राहिले.

ते परत आले तेव्हा काकू होत्या तशाच बसल्या होत्या. मानेवरचा टॉवेल कोरडा होत आला होता.  पेटीवाले आपल्या जागी बसले, कानस उचलली, पालथी केली, सुलटी केली.

“कूलर लाव,” ते म्हणाले.

“आज नको म्हणालात ना?”

“तुला घाम आलाय. लाव.”

“ढग येतोय-जातोय. खालीवर होईल तो.”

“होऊ दे.”

काकूंनी उठून बटण दाबले. पंखा आधी कण्हला, मग फिरू लागला. ढगाआडून ऊन निघाले तसा त्याचा सूर वर चढत गेला, चढत गेला, आणि भर उन्हात येऊन स्थिरावला. पेटीवाल्यांनी डोळे मिटले होते. पंख्याच्या त्या जाड, ओल्या आवाजाखाली शिट्टी बुडत गेली. वाऱ्याने त्यांच्या कपाळावरचे केस हलले.

“इकडे बैस,” ते म्हणाले. “अशी जवळ. डाव्या हाताने भाता मार. उजवा मोकळा ठेव.”

“कशाला?”

“या दोन पात्या बोलतायत. त्यांच्या आवाजात थरथर आहे. मी घासत जाईन तशी ती हळू होईल. पार थांबली की हात वर कर.”

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षे त्या या भात्यावर बसल्या होत्या, आणि सूर लागला की नाही हे त्यांना कधी कोणी विचारले नव्हते.

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं काही नाही. ऐकायचं आहे.”

“आणि चुकले तर?”

“चुकलीस तर बाईंना सांगू, कूलर आहे म्हणून.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी भाता ओढला, पात्या बोलू लागल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. पेटीवाल्यांनी कानस टोकाशी टेकवली आणि अगदी हलक्या हाताने एकदा घासले. पुन्हा घासले. गच्चीवर ढग आला. कूलरचा सूर एक पायरी उतरला, घुटमळला, आणि आणखी खाली निघाला. पेटीवाले काही बोलले नाहीत. त्यांनी मान कलती केली नव्हती. ते पेटीकडेही पाहत नव्हते. काकूंचा उजवा हात मांडीवर उघडा पडला होता, आणि ते त्या हाताकडे पाहत होते.